त्या नावाने केलेली सही

माझं नाव बदललं तेव्हा मी खूश होते, हे आधीच कबूल करून टाकते. सगळं बिघडल्यावर माणसं सांगत सुटतात की मला तेव्हाच शंका आली होती. मला शंकाबिंका काही आली नव्हती. पुण्याच्या कार्यालयात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं आणि सगळ्या बायकांनी वाकून वाकून ते वाचलं. नाव काकूंनी सुचवलं होतं. त्याच्या नावाशी यमक जुळत होतं. "जोडी ऐकायलासुद्धा कशी छान वाटते!" असं त्या म्हणाल्या आणि मी लाजले. सव्वीस वर्षं वापरलेलं नाव मी त्या दुपारी हसत हसत सोडून दिलं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. टेक्सासमधल्या प्लेनोत तीस वर्षं डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या, तिथल्या मराठी मंडळाच्या आधारस्तंभ. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं आणि लग्नाला त्या मुद्दाम पुण्याला आल्या होत्या. मुलगा आठव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत गेलेला, तिथलाच नागरिक झालेला. सासू-सासरे ह्यूस्टनला राहायचे. मुलाच्या संसारात आपण ढवळाढवळ करायची नाही, असं त्यांचं आधुनिक धोरण होतं. पुढे मी रडत फोन केला तेव्हाही ते या धोरणाला घट्ट चिकटून राहिले.

माझा पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा होता. व्हिसा पासपोर्टप्रमाणे आला, आणि २००५च्या सुरुवातीला प्लेनोला पोचल्यावर ग्रीन कार्ड आलं तेही त्याच नावाचं. "गॅझेटमध्ये बदलून घेऊ कधीतरी," तो म्हणाला. ते कधीतरी कधी उजाडलं नाही. घरात, मंडळात, शेजारी, डॉक्टरांकडे, सगळीकडे मी नव्या नावाचीच होते. जुनं नाव फक्त त्या कार्डावर होतं आणि कार्ड त्याच्या कपाटात, कुलपात.

त्या कार्डाची एक गंमत होती. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांपुरतंच मिळतं. मुदत संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, दोघांनी सह्या करायच्या, की मग कायमचं कार्ड. लग्न खोटं नाही ना, हे सरकारला बघायचं असतं. आमच्या घरात या नियमाचा उपयोग वेगळा होता. मी कशालाही नाही म्हटलं की तो शांतपणे म्हणायचा, "सही मी करणार आहे. लक्षात असू दे."

पहिली थप्पड ड्रायव्हिंगवरून बसली. मला गाडी शिकायची होती, कारण प्लेनोत गाडीशिवाय बाई म्हणजे घरातलं फर्निचर. लायसन्ससाठी कार्ड लागतं, म्हणून मी कार्ड मागितलं. त्याचं उत्तर थपडेने मिळालं. नंतर कारणं लागेनाशी झाली. मी तपशिलात शिरत नाही. तपशील मला पुढे इतक्यांदा लिहून द्यावे लागले की आता त्यांचा वीट आला आहे. एवढंच सांगते की तो हुशार होता, तोंडावर मारायचा नाही.

एकदा हळदीकुंकवाला काकूंच्या घरी वाण घेताना माझा पदर सरकला आणि दंडावरचं काळंनिळं त्यांना दिसलं. डॉक्टरच त्या. बोटाने दाबून बघितलं, कुठे दुखतं विचारलं. वाटलं, आता हे कसं झालं तेही विचारतील. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालत जा गं."

मी पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला. माझा स्वतःवरचा सगळ्यात जुना राग हा आहे.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये, रविवारी दुपारी, त्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर माझा हात पिरगळला आणि मनगट मोडलं. मागचं दार उघडं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईने ओरडणं ऐकून पोलिसांना फोन केला. दीड वर्षात त्या बाईशी माझं हाय-बायपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. मंडळातली पन्नास कुटुंबं मला नावाने ओळखत होती, आणि फोन तिने केला.

पोलीस आले. एकाने मला पायरीवर बसवलं आणि नाव विचारलं. मी हात छातीशी धरून रडत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याने माझ्या वतीने नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. पोलिसाने ते लिहून घेतलं आणि मला विचारलं, "बरोबर?"

मी म्हटलं, "हो."

यात मला तेव्हा काही चुकीचं वाटलं नाही. तेच माझं नाव होतं. जगाच्या पाठीवर कुठलीही बाई पोलिसाला आपलं पासपोर्टवरचं नाव सांगेल. मी लग्नात मिळालेलं सांगितलं, कारण दोन वर्षांत मला दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारली नव्हती. हॉस्पिटलनेही तेच नाव लिहिलं. मनगटाचे फोटो, एक्स-रे, डॉक्टरांचा शेरा, पोलिसांचा रिपोर्ट, सगळं त्या नावाने झालं.

त्याला पकडून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटलाही. त्याने माझ्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम झाला. पोलिसांच्या देखत मी घरातून माझे कागद आणि एक बॅग घेतली आणि मारहाण झालेल्या बायकांच्या एका आश्रयगृहात राहायला गेले. तिथून मला फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई मिळाल्या. मेक्सिकन घरातल्या, माझ्याहून लहान, टेबलावर सदा कॉफीचे तीन कप, तिन्ही अर्धवट.

मी त्यांना पहिलं वाक्य हे बोलले की फेब्रुवारीत माझं कार्ड संपतंय आणि नवरा सही करणार नाही.

"त्याची सही लागतच नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. त्यांनी पुन्हा सांगितलं. लग्न खरं होतं आणि नवऱ्याने छळ केला, एवढं दाखवता आलं तर बायको एकटीने अर्ज करू शकते. कायद्यात तशी सोय आहे, आणि काल-परवाची नाही, कित्येक वर्षांपासूनची आहे. त्या सहीच्या धाकाने मी दीड वर्ष मुकाट मार खाल्ला होता, आणि ती सही लागतच नव्हती. मला हसू आलं, आणि ते थांबेना. वकीलबाईंनी उठून माझ्यासाठी पाणी आणलं.

आमच्या मंडळाचं जेवण म्हणजे व्हिसाची परिषदच असायची. कुणाचा नंबर कुठे अडकलाय, स्टॅम्पिंगला कुठल्या शहरात जावं, कुठल्या फॉर्मला किती महिने लागतात, हे तिथे पुरणपोळी वाढता वाढता सांगायचे. फॉर्मचे आकडे लोकांना मुखोद्गत होते. हा एवढा एकच फॉर्म कुणालाच माहीत नव्हता, यावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

मग वकीलबाईंनी माझे कागद टेबलावर मांडले आणि विचारलं, "ही दुसरी बाई कोण?"

कागदांत दोन बायका होत्या. एकीचं रीतसर लग्न झालं होतं, तिच्याकडे पासपोर्ट होता, कार्ड होतं, आणि तिला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. दुसरीचं मनगट मोडलं होतं, पण ती या देशात कधी आलेलीच नव्हती. मी त्यांना तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकली. आमच्याकडे मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलतात, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, तुझं स्वतःचं शपथपत्र तर देऊच, पण लग्नात हजर असलेल्या कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं की दोन्ही नावं तुझीच. नाहीतर समोरचा अधिकारी म्हणेल, मार खाल्लेली बाई ही तू कशावरून?

मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. धाकट्या बहिणीची बघाबघी चालू होती. "पोलीस, कोर्ट असं काही आमच्या सहीचं कागदावर नको," ते म्हणाले. "तू मनाने खंबीर आहेस, तुझं तू बघ." मागून आईचा रडण्याचा आवाज येत होता, पण फोन तिने घेतला नाही. मला खंबीर म्हणून त्यांनी हात वर केले. तो शब्द कुणी कौतुकाने वापरला तरी मला अजून चीड येते.

उरल्या काकू. या देशात माझ्या लग्नाला हजर असलेलं आणि माझ्या बाजूने बोलू शकेल असं तेवढं एकच माणूस होतं.

लाइट रेलने प्लेनोला उतरून मी त्यांच्या घरापर्यंत चालत गेले, प्लॅस्टरचा हात गळ्यात. प्लेनोत पायी चालणारं माणूस दिसलं की लोक गाडी हळू करून बघतात. काकूंनी दार उघडलं, जवळ घेतलं, पोहे केले. वर खोबरं-कोथिंबीर घालून बशी माझ्या पुढ्यात ठेवली, चमचा डाव्या बाजूला ठेवला, उजवा हात मोडलाय म्हणून. इतक्या समजूतदार होत्या त्या.

मी काम सांगितलं.

"नावाचं लिहून द्यायला मला काही प्रॉब्लेम नाही," त्या म्हणाल्या. "खरंच आहे ते. मीच सुचवलेलं नाव. पण माझंही एक ऐक. ती पोलीस केस पुढे गेली तर त्याचा जॉब जाईल. बॅकग्राउंड चेकमध्ये जन्मभर दिसत राहील. त्याच्या आईने अन्न सोडलंय."

"काकू, त्याने माझा हात मोडलाय."

"बघतेय ना मी. मी काय नाही म्हणतेय का? पण त्याला जेलमध्ये घालून तुला काय मिळणार? तुला कार्ड हवंय. ते तुला मिळू दे. तू केस मागे घे, मी तुझं पत्र देते. दोघांचंही लाइफ मार्गी लागेल."

"म्हणजे मी केस मागे घेतली नाही तर तुम्ही पत्र देणार नाही?"

"असं कुठे म्हटलं मी?" काकू दुखावल्या. "मुलीसारखी मानते मी तुला. मंडळात लोक काय काय बोलतात तुला माहितीये का? म्हणे कार्डासाठीच लग्न केलं, कार्ड संपत आलं तसं मारल्याचं नाटक केलं. मी सगळ्यांची तोंडं बंद करते. पोहे खा, गार होतायत."

मी पोहे खाल्ले. ते चांगले झाले होते, हे सांगायला मला लाज वाटते.

टेक्सासमध्ये असं एक शपथपत्र असतं, की मला हा खटला चालवायचा नाही. फिर्याद करणाऱ्या बाईने ते दिलं म्हणजे केस बंद व्हायलाच हवी असं नाही, पण बहुतेक वेळा सरकारी वकील मग जोर करत नाहीत. त्याच्या वकिलाने ते तयारच ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की घरगुती गैरसमजातून पोलिसांना फोन गेला, माझा हात ओल्या फरशीवर पाय घसरून मोडला, माझ्या पतीने मला कधीही इजा केलेली नाही. मी ते दोनदा वाचलं. न वाचता सही केली, फसवून सही घेतली, असं मला म्हणता येणार नाही.

शनिवारी सकाळी आम्ही नोटरीकडे गेलो. नोटरी काकूंच्या जुन्या पेशंटपैकी. तिने ओळखपत्र मागितलं. माझ्या ओळखपत्रावर माहेरचं नाव, आणि केस मागे घेण्याच्या कागदावर लग्नाचं नाव, कारण फिर्याद त्याच नावाने होती. नोटरी अडली. तेव्हा काकूंनी उजवा हात वर करून शपथेवर सांगितलं की दोन्ही नावं याच मुलीची, मी हिच्या लग्नात होते, मी स्वतः बघितलंय. जे खरं सांगायला त्यांनी माझ्याकडून खोटं मागितलं होतं, ते खरं त्यांनी आधी त्या खोट्याच्या कामाला जुंपलं. मग मी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, त्या नावाने सही केली. त्या नावाने केलेली ती माझी शेवटची सही. नंतर काकूंनी माझ्या पत्रावर सही केली. सुंदर पत्र होतं. ताट, तांदूळ, अंगठी, सगळं होतं त्यात. मुलगा चांगल्या घरातला आहे हेही होतं.

वकीलबाईंना मी सगळं झाल्यावर सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मला एक फोन करायचास." त्या म्हणाल्या, काकूंचं पत्र मिळालं नसतं तर आपण दुसरं काही शोधलं असतं. लग्नाचा व्हिडिओ मागवला असता. त्यात ताट दिसलं असतं. मला व्हिडिओ सुचलाच नव्हता. आमच्याकडे काही अडलं की वडीलधाऱ्या माणसाकडे जायचं, त्याच्या पाया पडायचं आणि तो म्हणेल ते करायचं. तेवढंच मला येत होतं.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट समजावली. शपथेवर त्याने मारलं म्हणून मी इकडे अर्ज करणार, आणि शपथेवर त्याने मारलं नाही म्हणून माझा कागद तिकडे कोर्टात. तो लपवला आणि नंतर सापडला तर मीच खोटी ठरणार, म्हणून अर्जात त्यांनी तोही कागद जोडला, आणि तो माझ्याकडून कसा घेतला गेला ते माझ्या जबाबात सविस्तर लिहायला लावलं. काकूंचं नाव त्यात घालताना माझा हात अडखळला. होय, तेव्हाही. मग घातलं.

केस बंद झाली. २००७ मध्ये घटस्फोट झाला. अर्जाच्या निकालाची वाट बघत मी वर्षभर जीव मुठीत धरून राहिले. एका पाळणाघरात नोकरी धरली, गाडी शिकले, लायसन्स काढलं. पुढच्या वर्षी मंजुरीचं पत्र आलं, मागोमाग दहा वर्षांचं कार्ड. त्यावर माझं नाव होतं, माझं स्वतःचं. वकीलबाईंना मिठी मारून मी रडले. तो आनंद खरा होता, आणि कडू बोलायची सवय लागली म्हणून मी तो नाकारणार नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी इंडियन ग्रोसरीत भाजणीचं पीठ घ्यायला गेले होते. दुकानासमोर त्याची गाडी उभी दिसली. तो आत बसून फोनवर बोलत होता. दुकानात तो पूर्वीही कधी यायचा नाही. आत मेथीच्या जुड्यांपाशी एक मुलगी उभी होती, टी-शर्टवर मंगळसूत्र, हातात अजून हिरव्या बांगड्या. त्याने पुण्याला जाऊन लग्न केल्याचं मी ऐकलं होतं. मी घरी परत जाऊ शकले असते. त्याऐवजी मी तिच्याजवळ गेले.

"मराठी ना?"

तिचा चेहरा फुलला. "हो! तुम्ही पण? अय्या, ताई, मी आज आठ दिवसांनी घराबाहेर पडतेय."

"तुझं ग्रीन कार्ड कुठे असतं?" मी विचारलं. "तुझ्याजवळ की त्याच्या कपाटात?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. हसू मावळलं. "तुम्ही त्या आहात ना? त्यांची आधीची..."

"हो. मी सांगते ते ऐकून घे. तो मारतो. माझा हात मोडला होता त्याने."

"त्यांनी मला सगळं आधीच सांगितलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "काही लपवलं नाही. तुमचा कागदसुद्धा दाखवला. काकूंनी त्याची कॉपी आणून दिली होती आमच्या घरी. माझ्या बाबांनी वकिलाला दाखवून एकेक ओळ समजून घेतली, मगच लग्नाला हो म्हटलं. त्यावर सही तुमचीच आहे ना?"

एक बाप एवढी काळजी घेणारा निघाला होता, आणि त्याच्या हातात माझा कागद पडला होता.

"सही माझीच आहे," मी म्हटलं. "मजकूर खोटा आहे."

"मग शपथेवर खोटं का लिहून दिलंत?"

मला उत्तर द्यायला हवं होतं, आणि या पोरीशी तरी खरं बोलायला हवं होतं.

"ग्रीन कार्डासाठी," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरची भीती ओसरलेली मला दिसली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. "तेच म्हणाले होते ते," ती म्हणाली, मेथीची एक जुडी उचलून टोपलीत टाकली आणि पैसे द्यायला गेली.